टिळक कोणते, पवार कुठले?

३१ मे १९१६ रोजी नगर शहरात लोकमान्य टिळकांचं व्याख्यान झालं. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, दुसरं झालं. विषय स्वराज्याचा होता. महिनाभर आधी बेळगावात त्यांनी हाच विषय मांडला होता. सरकारने या भाषणांवर बोट ठेवलं आणि वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी लढवली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. स्वराज्याच्या चळवळीत नगरचं नाव कायमचं नोंदलं गेलं ते या दोन दिवसांमुळे.

पण नगरकरांना टिळक हे आडनाव त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचं होतं. अमेरिकन मराठी मिशनच्या कामामुळे रेव्हरंड नारायण वामन टिळक या शहराशी वीसेक वर्षं जोडलेले होते. मिशनच्या विद्यालयात शिकवायचं, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळायचा, अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती भजनं रचायची, असा त्यांचा दिनक्रम. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहून गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नगर आणि राहुरीचे दिवस आजही वाचायला मिळतात. लोकमान्यांचा जन्म १८५६चा, रेव्हरंडांचा १८६१चा. दोघेही मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, चित्पावन घरातले. १९१९च्या मे महिन्यात रेव्हरंड गेले, १९२०च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य.

एकाच काळात, एकाच आडनावाने, मराठी समाजात दोन अगदी वेगळ्या वाटा चालल्या होत्या. १८९५ सालीच पाहा. लोकमान्य तेव्हा रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभा करत होते. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला नारायण वामनांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सनातनी मंडळींच्या लेखी एक टिळक धर्म राखत होते आणि दुसरे कुळाचं नाव बुडवत होते. लक्ष्मीबाईंना त्यानंतर काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आसऱ्याने काढावी लागली. पुढे त्या स्वतःच्या विचाराने नगरला नवऱ्याकडे आल्या आणि कालांतराने ख्रिस्ती झाल्या. रेव्हरंडांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनीच रचला. ज्या आडनावाला १८९५ मध्ये बट्टा लागला असं लोक म्हणत होते, त्याच आडनावाच्या बाईने मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिलं.

प्रसिद्ध किंवा कुप्रसिद्ध माणसाचं आडनाव वाट्याला येणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला नगर जिल्ह्याइतकी चांगली जागा मिळणार नाही. इथे थोर आणि बदनाम दोन्ही प्रकारची आडनावं आहेत, आणि ती धारण करणारी शेकडो साधी घरंही आहेत.

मराठी आडनावांची रचनाच अशी आहे की एकाच आडनावाखाली अनेक कुळं येतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, जोशी ही वतनाची किंवा व्यवसायाची नावं. ज्या ज्या गावात ते वतन होतं, तिथे तिथे ते आडनाव तयार झालं. या घरांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही. शिंदे, पवार, जाधव, भोसले, चव्हाण, गायकवाड, काळे ही आडनावं मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, दलित समाजात आहेत, भटक्या-विमुक्तांतही आहेत. हजारे हे आडनाव घ्या. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा, २०११ साली दिल्लीत उपोषणाला बसले आणि देशभर लोकांनी ‘मी अण्णा’ लिहिलेल्या टोप्या घातल्या. क्रिकेटच्या जुन्या रसिकाला मात्र हजारे म्हटलं की सांगलीत जन्मलेले विजय हजारे आठवतात. १९४८च्या ॲडलेड कसोटीत दोन्ही डावांत शतकं काढणारे, आणि १९५२ साली मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधार. ते मराठी ख्रिस्ती घरातले. आडनावावरून धर्म, जात, गाव, घराणं यातलं काहीच खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून तर गावाकडे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न तयार असतो: “कुठले?” पाथर्डीच्या बाजारात, नेवाशाच्या एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. नगर जिल्ह्यात बरीच घरं गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहतात आणि वस्तीला आडनावाचंच नाव पडतं: काळेवस्ती, पवारवस्ती, शिंदेवस्ती. एका गावात एकाच आडनावाच्या दोन वस्त्या असतील तर ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची, असा फरक केला जातो. सातबाऱ्यावर दोन माणसांचं नाव आणि आडनाव एकच निघालं तर वडिलांचं नाव पाहावं लागतं, तेही जुळलं तर आजोबांचं. पोस्टमनला हे तोंडपाठ असतं. बाहेरून आलेल्या बँकेच्या माणसाला किंवा वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाला नसतं, आणि तिथे नको त्या माणसाच्या दारात नको ते पाहुणे येतात.

“कुठले?” या प्रश्नाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. अनेकदा त्यामागे जात काढून घेण्याचा हेतू असतो. समोरचा पवार आपल्यातला की दुसरा, हे ठरवल्याशिवाय काही लोकांना बोलणं पुढे नेता येत नाही. माणसांतला फरक नीट कळावा म्हणून विचारलेला प्रश्न तेव्हा माणसाला कप्प्यात टाकायच्या कामी येतो.

शिंदे हे या जिल्ह्याचं मोठं आडनाव. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्येचा जन्म झाला. लग्नानंतर ती होळकर झाली आणि इतिहासाने तिला त्याच आडनावाने ओळखलं. तिचं नाव आता जिल्ह्याला आहे. ३१ मे २०२३ रोजी चौंडीतच तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी नामांतराची घोषणा केली आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यावर निर्णय घेतला. चौंडीचेच राम शिंदे डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले. चौंडीचे शिंदे धनगर. ग्वाल्हेरच्या महादजींचे शिंदे मराठा, मूळ सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या, अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचणारे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे, आणि भीमगीतं नि भक्तिगीतं घराघरांत नेणारे प्रल्हाद शिंदे आणखी वेगळे. या सगळ्यांना एका माळेत ओवणारा धागा म्हणजे फक्त एक आडनाव.

अहिल्याबाईंच्या निमित्ताने बायकांचा मुद्दाही इथेच मांडायला हवा. पुरुषाला आडनाव जन्माने मिळतं, बाईला दोनदा मिळतं. माहेरचं नाव मागे पडतं आणि सासरच्या आडनावाबरोबर त्याची कीर्ती-अपकीर्तीही पदरात येते. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. टिळक या आडनावासाठी त्यांनी जे सोसलं, त्यात त्यांच्या स्वतःच्या करणीचा भाग काहीच नव्हता.

पवार या आडनावाची गोष्टही अशीच. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार पाणी आणि गवत राखण्याच्या कामासाठी देशभर ओळखले जातात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जिल्ह्याच्या दक्षिणेला कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार बारामतीच्या पवार घराण्यातले. एकाच जिल्ह्यात पवार म्हटल्यावर एकाच्या डोळ्यासमोर समतल चर आणि पाण्याने भरलेल्या विहिरी येतात, दुसऱ्याच्या डोळ्यासमोर राजकारण येतं. नगरच्या राजकारणात नातीगोती इतकी गुंतलेली आहेत की ‘सोयऱ्याधायऱ्यांचं राजकारण’ हा शब्दप्रयोग इथे रोजच्या वापरातला झाला आहे. विखे, थोरात, काळे, कोल्हे, गडाख, घुले ही नावं साखर कारखान्यांच्या पाट्यांवर आणि निवडणुकीच्या फलकांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. त्यामुळे लोणीबाहेरचा कुणी विखे किंवा संगमनेरबाहेरचा कुणी थोरात भेटला की त्याच्याकडून ओळखीची, वशिल्याची अपेक्षा धरली जाते. कारखान्यात ऊस लवकर तोडून मिळेल का, मुलाला कॉलेजात जागा मिळेल का, अशी विचारणा होते. आपला त्या घराण्याशी संबंध नाही, हे त्याने सांगितलं तर काहींना ते टाळणं वाटतं.

प्रसिद्ध आडनावाचा सर्वांत उघड वापर निवडणुकीत होतो. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांनी २,११० मतांनी पराभव केला. त्याच मतदारसंघात सुनील तटकरे नावाचाच आणखी एक अपक्ष उभा होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली. यातली किती मतं चुकून पडली हे कुणी मोजू शकत नाही. पण आकड्यांतली तफावत पाहून राज्यातल्या प्रत्येक पक्षाने धडा घेतला. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत तासगाव-कवठेमहांकाळमध्ये रोहित पाटील यांच्यासमोर त्याच नावाचे आणखी उमेदवार होते. कर्जत-जामखेडच्या मतदान यंत्रावरही रोहित पवार हे नाव एकाहून अधिक वेळा होतं. तिथला निकाल अवघ्या १,२४३ मतांनी लागला.

अशा उमेदवारांना बंदी घालावी अशी याचिका मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणाच्या निवडणूक लढवण्याच्या हक्काआड येऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार. हे बरोबरच आहे. लालू, राहुल किंवा पवार या नावावर कुणाची मालकी असू शकत नाही. त्यावर उपाय नियमांत आहेत. निवडणूक नियमांनुसार दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा अन्य काही खूण जोडून त्यांच्यात फरक करायचा असतो. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही लावला जातो. गावातला पोस्टमन जे तोंडपाठ ठेवतो, तेच निवडणूक आयोगाने कागदावर आणलं.

आतापर्यंत मोठेपणाची आडनावं झाली. आता बदनामीची.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींचा खून झाला. नथुराम गोडसे बारामतीत जन्मलेला. पण या कटाची एक वाट नगरमधून जाते. कटातला विष्णू करकरे नगर शहरात लॉज चालवत असे. २० जानेवारीला बिर्ला भवनात स्फोट घडवणारा मदनलाल पाहवा फाळणीनंतर निर्वासित म्हणून नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या छावणीत आला होता आणि तिथूनच करकरेच्या संपर्कात आला. फाशी गेलेला दुसरा आरोपी नारायण आपटे त्याआधी नगरच्याच अमेरिकन मिशनच्या शाळेत शिक्षक होता. ज्या मिशनसाठी रेव्हरंड टिळकांनी आयुष्य दिलं, त्याच मिशनच्या शाळेत काही वर्षांनी हा शिक्षक होता. १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने निकाल दिला. गोडसे आणि आपटे यांना फाशी, करकरे आणि पाहवा यांच्यासह इतरांना जन्मठेप, विनायक दामोदर सावरकर निर्दोष.

निकाल लागायच्या वर्षभर आधीच महाराष्ट्रात दुसरा निकाल लागून गेला होता. खुनी कोण हे कळताच अनेक ठिकाणी जमाव रस्त्यावर उतरला. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नागपूर भागांत ब्राह्मणांची घरं आणि दुकानं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत शिवाजी पार्कजवळ सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव यांच्यावर जमावाने दगडफेक केली. ते गंभीर जखमी झाले आणि पुढे १९४९ मध्ये वारले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. भालजी काही गोडसे नव्हते. आडनावावरून जात ओळखली गेली, जातीवरून दोष ठरला आणि शिक्षाही लगेच अमलात आली. खून करणाऱ्या माणसाने केलेला गुन्हा त्याचा एकट्याचा आणि त्याच्या साथीदारांचा होता. गावोगावच्या ज्या घरांना आग लागली, त्यांचा त्यात काडीचाही हात नव्हता.

त्यानंतर गोडसे या आडनावाची मंडळी कशी जगली असतील, याची कल्पना करण्याची गरज नाही. एक उदाहरण खुद्द संसदेत नोंदलेलं आहे. १९५६ पासून ‘गोडसे’ हा शब्द लोकसभेत असंसदीय मानला जाई. कुणी उच्चारला तर तो कामकाजातून वगळला जात असे. ५८ वर्षं हा प्रकार कुणाला खटकला नाही. २०१४ मध्ये मात्र नाशिकमधून शिवसेनेचे हेमंत गोडसे छगन भुजबळ यांना हरवून लोकसभेत गेले. म्हणजे लोकसभेचा एक सदस्य असा होता की ज्याचं आडनाव सभागृहात उच्चारणंच नियमबाह्य होतं. त्या वर्षाच्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत हा शब्द पुन्हा असंसदीय ठरला, तेव्हा हेमंत गोडसे यांनी पीठासीन अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. आडनाव गोडसे असणं हा आपला दोष नाही आणि ते बदलायचं कारणही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०१५ मध्ये लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी ते मान्य केलं. नथुराम गोडसे असा उल्लेख असंसदीय, पण गोडसे हे नुसतं आडनाव नाही, असा निर्णय झाला. एका माणसाचं पूर्ण नाव आणि हजारो माणसांचं आडनाव यांत फरक आहे, हे संसदेच्या कागदावर यायला जवळपास सहा दशकं लागली.

त्याच आडनावाखाली मराठीने आणखी काय पाहिलं आहे? कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत होते. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि पुढे ‘माझा प्रवास’ लिहिला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये तो छापला. त्या काळाचं मराठीतलं हे दुर्मीळ प्रत्यक्षदर्शी लेखन. विसाव्या शतकात द. ग. गोडसे यांनी नाट्यनेपथ्य आणि कलासमीक्षा या दोन्ही क्षेत्रांत मोलाचं काम केलं. ‘पोत’ आणि ‘शक्तिसौष्ठव’ ही त्यांची पुस्तकं आजही अभ्यासली जातात. आपट्यांचंही तेच. संस्कृतचा कोश करणारे वामन शिवराम आपटे, ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारे हरि नारायण आपटे, आणि ज्यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ हा चित्रपट निघाला ते नारायण हरि आपटे. या शेवटच्या आपट्यांचं तर पहिलं नावही कटातल्या आरोपीसारखंच.

करकरे आडनावाच्या बाबतीत काळाने स्वतःच उत्तर दिलं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत दहशतवाद्यांशी लढताना राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासह मारले गेले. २६ जानेवारी २००९ रोजी करकरे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आज कुणालाही करकरे हे आडनाव ऐकवलं तर हेमंत करकरेच आठवतात. नगरचा लॉजवाला करकरे अभ्यासकांच्या टिपणांपुरता उरला. त्याच्या कृत्याचा डाग हेमंत करकरे यांच्यावर कधी पडला नाही, आणि हेमंत करकरे यांच्या हौतात्म्याने तो डाग पुसलाही गेला नाही. दोन्ही हिशेब स्वतंत्र आहेत.

इथवरची सगळी उदाहरणं व्यक्तींच्या नावलौकिकाची होती. पण नगर जिल्ह्यात एक समाज असा आहे की ज्याची बदनामी कुणा एकाच्या कृत्याने झाली नाही. ती कायद्याने केली.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्या यादीत नाव आलेल्या जमातीत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित ठरे. मोठ्यांना ठाण्यात हजेरी लावावी लागे. गावाबाहेर जायचं तर परवानगी. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी सेटलमेंट उभारली गेली. त्या भागाला अजूनही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण संशय कायद्याबरोबर गेला नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर या भागांत राहणाऱ्या फासेपारधी समाजाची आडनावं पाहा: काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे. कोपरगावात काळे म्हटलं की कारखाना आणि आमदारकी डोळ्यासमोर येते. श्रीगोंद्याच्या माळावरच्या पालात राहणाऱ्या काळ्याला मात्र जवळपास चोरी झाली की पहिली चौकशी सोसावी लागते. छत्रपतींचं आडनाव लावणाऱ्या भोसलेला शाळेत नाव घालताना जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जन्माची नोंद यांपैकी काहीतरी कमीच पडतं. त्याचं आडनाव राजाचं आहे, पण वागणूक आडनावाला मिळत नाही, जमातीच्या शिक्क्याला मिळते.

या समाजाची बाजू ऐकली की आडनावाच्या सगळ्या गप्पांचं गांभीर्य कळतं. शहरातल्या गोडसेला एखादा खवचट शेरा सोसावा लागेल. पालातल्या पवाराच्या पोराला त्याच कारणाने पोलीस ठाण्यात रात्र काढावी लागते.

मग आडनाव बदलणं हा मार्ग आहे का? काहींनी तो घेतला. ॲडॉल्फ हिटलरचा पुतण्या विल्यम पॅट्रिक हिटलर अमेरिकेत गेला, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या नौदलात लढला आणि युद्धानंतर त्याने आडनाव बदललं. आपल्याकडे आडनाव बदलण्याची सोय कायद्याने आहे. प्रतिज्ञापत्र करून शुल्क भरून अर्ज केला की नाव महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतं आणि त्याच्या आधारावर शाळा, बँक, आधार, सातबारा अशी एकेक नोंद बदलत जावी लागते. बदललेल्या आडनावातही मोठं आयुष्य उभं राहू शकतं. डॉ. आंबेडकरांचं कुळाचं आडनाव सकपाळ. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेच्या रजिस्टरवर भिवा रामजी आंबेडकर असं नाव चढलं आणि आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

तरीही बहुतेक लोक बदलत नाहीत. आडनावात आजोबांचं घर असतं, कुलदैवत असतं, जमिनीचा उतारा असतो. दुसऱ्याच्या पापासाठी आपण ते का टाकावं, हा हेमंत गोडसे यांचा सवाल रास्त आहे. बदलायचं असेल तर आडनावाभोवतीची वागणूक बदलली पाहिजे.

त्या दिशेने एक लहानसं पाऊल पडलं आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायची आहेत. आईला मान मिळावा हा त्यामागचा हेतू. त्याचबरोबर एकाच गावातल्या दोन सारख्या नावांमध्ये फरक करायला आणखी एक खूण मिळाली. आईचं नाव आडनावासारखं शेकडो घरांत वाटलेलं नसतं. ही पिढी मतदार यादीत येईल तेव्हा एका नावाचे दोन उमेदवार ओळखणं थोडं सोपं जाईल.

पण कागदावरच्या चार नावांचा उपयोग ती वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. नगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये आजही हजेरी घेताना मुलांना आडनावाने हाक मारली जाते. ठाण्यातला हवालदार, तलाठी कार्यालयातला कारकून, दवाखान्यातला खिडकीवरचा माणूस यांच्याकडेही आडनावच आधी पोचतं. पारध्याच्या मुलाला शाळेत पूर्ण नावाने हाक मारावी. चोरीच्या तपासात आडनाव आणि जमात पाहून कुणाला उचलून आणू नये. राजकीय घराण्याच्या आडनावाच्या शेतकऱ्याकडून वशिल्याची अपेक्षा धरू नये. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. ज्या जिल्ह्याने एकाच वेळी दोन टिळकांना आपलं मानलं, त्याला हे जड जायचं कारण नाही.